आधी तिनं बोलावं

४ जानेवारी, रविवार
वंदनेनंतर विलासने थांबवलं. विहाराचं मंडळ म्हणजे विलास, बाकीचे सतरंज्या उचलायला. जपानच्या पाहुण्यांचं नक्की झालं. १७ ला येतायत. त्यांना आबांचं ऐकायचंय. म्हटलं, बाबा रे, मलाही ऐकायचंय. पन्नाशीला टेकले, बापाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

गावाकडे दादारावच्या (चुलतभाऊ) घराने मागच्या जत्रेत हलगी वाजवायला नकार दिला. तेव्हापासून किराणा बंद, गिरणी बंद, पोरांना वडापच्या जीपमध्ये घेत नाहीत. केस चालू. समोरचे म्हणतात, जुलूम कसला, हा तर ह्यांचा मान, पिढ्यान्‌पिढ्या खुशीने वाजवतात. खुशीने नव्हतं हे सांगणारा जिवंत माणूस एकच. तो आमच्या विरारच्या गॅलरीत बसून वाटाणे सोलतो. तरणे असताना जत्रेत नाही म्हणाले, मार खाल्ला, गाव सोडलं. एवढंच ठाऊक, तेही आत्याकडून.

वकील चार वेळा आला. आबा: "बघू." विलासचा हिशेब असा की एकदा पाहुण्यांपुढे तोंड उघडलं की कोर्टातही उघडेल.

७ जाने.
कोर्टात दिवसभर जमिनीचं मॅटर. साक्षीदार म्हातारा, पाणी मागत होता. मी टाइप करत होते.
घरी आबांना विचारलं, काय ठरलं? "वाटाणं कोवळं हायेत, आमटी नको, उसळ कर." बरं.

११ जाने., रविवार
हो म्हणाले! कारण काय तर जपानमध्येही आपल्यासारखे लोक आहेत हे त्यांना पटेना. "तिकडं बी? तिकडं तर समदे सारखेच दिसत्यात." विलासने मोबाइलवर दाखवलं. बुराकू म्हणतात तिकडे, येणाऱ्या बाई त्यांच्यातल्याच. कातडं, खाटीकखाना, ढोल बनवणं, ही कामं पिढीजात ह्यांच्याकडे. चेहरा तोच, भाषा तीच. मग ओळखतात कसं? पत्त्यावरून. वस्ती कुठली विचारलं की झालं. लग्नं मोडतात त्यावर.
आबांनी मोबाइल परत दिला: "आणा त्या बाईला."

१७ जाने., शनिवार
आल्या. हारुए नाव. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हात पुरुषासारखे रुंद. बरोबर रेवा, पुण्याची, जपानी शिकलेली, दुभाषी म्हणून. हारुए आमच्याकडेच उतरल्या. मी आठ दिवस घर घासत होते, त्यांनी आल्या आल्या स्वतःच पोतेरं मागितलं, चहा सांडला म्हणून.
भात-बोंबील खाल्ला. चपातीही. ठेच्याने डोळ्यांत पाणी, तरी परत घेतला.
आबा त्यांना हारूबाई म्हणतात. त्या ढोल बनवतात, आजोबांपासून. हे रेवाने मला स्वयंपाकघरात सांगितलं. आबांना अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं, सांगू सावकाश. हात बघून आबा एवढंच म्हणाले, "कामाची बाय हाय."

१८ जाने., रविवार
सत्यानाश.

विहार भरलेला, विलासचा कॅमेरा लावलेला. हार, पंचशील, विलासचं भाषण (लांब). मग हारुए उठल्या, कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन आबांपुढे वाकल्या. कापड काढलं. ढोल. छोटा, हातात मावेल एवढा, कातडं ताणून खिळे ठोकलेले, इतका सुंदर की मी आधी आबांकडेच बघितलं. रेवा भाषांतर करत होती, तिला बिचारीला काय ठाऊक: "त्या म्हणतायत, हा मी स्वतः तुमच्यासाठी बनवलाय. आपण दोघं ढोलाच्या घरातले."
टाळ्या. टाळ्या वाजवल्या लोकांनी!

आबा उठले. "मी वाजवणारा न्हाई. वाजवणाराचा बापबी न्हाई." चपला घातल्या आणि गेले. आमच्या घरात साधा डबा वाजवायची चोरी होती. लहानपणी मी ताटावर ताल धरला तर ताट उचलून नेलेलं, उरलेला भात माझ्या हातावर ठेवून. आणि ह्या माणसाला ढोल.

विलासला झापलं. हल्लीची पोरं हलगी पथक काढतात, अभिमानाने, ती गोष्ट वेगळी. ह्यानेच त्यांना फोनवर सांगितलेलं, आबा हलगीच्या घराण्यातले, त्यांना आवडेल. "ताई, मला वाटलं कल्चरल बाँडिंग होईल." तुझं बाँडिंग घाल चुलीत.

हारुएंना कळेचना. घरी येऊन माझ्यासमोर जमिनीवर डोकं टेकलं. मला रडू फुटलं. माझं काय चुकलं होतं म्हणून मी रडले, कोण जाणे.

१९ जाने.
रजा टाकली. आबा सकाळपासून गॅलरीत, पाठ फिरवून. आमच्या ह्यांनी पेपर नेऊन दिला तरी उघडला नाही.
अकराच्या सुमारास हारुए जाऊन शेजारी फरशीवर बसल्या. रेवा मध्ये. मी दाराशी, वाटाण्याच्या ताटासह, जणू कामच करतेय.

आधी माफी. मग आबांनी विचारलं, बघतही नव्हते तिच्याकडे, "सोडत का न्हाईसा तुमी लोक हे काम?"
त्या म्हणाल्या (रेवा): "सोडलं असतं तर ते विसरले असते की त्यांच्या देवळातला ढोल कुणी केला. आम्ही ठेवलं. त्यांना आमच्याकडे बघावं लागावं म्हणून."
आबा: "आमी सोडलं. त्यांचं त्यांना वाजवाय लागावं म्हणून."
रेवाने सांगितलं. दोघंही हसली नाहीत. पण आबा तिच्याकडे वळले. मग पुष्कळ वेळ कातड्याबद्दल बोलले, चुन्यात किती दिवस, ऊन कसं. आबांना सगळं येतं! मला कधी वाटलंही नव्हतं.

मग आबांनी सहज विचारलं, पोरंबाळं करतात का हे काम. हारुएंना मुलगी एकच. टोकियोत दिलीय. ढोलाचं, वस्तीचं सासरी माहीत नाही. व्याही भेटायला येतात तेव्हा त्या शहरातल्या हॉटेलात भेटतात, घरी नाही. नातू आजीच्या घरी कधी आलेला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. रेवाचाच हलला.

आबा उठले, पाणी प्यायले, परत आले. "रेवाबाय, सांग तिला. मी बोलतो. हितंबी बोलतो आन्‌ कोर्टातबी. पर आधी तिनं बोलावं. त्याच कॅमेऱ्याम्होरं."

२० जाने.
विलास उसळला. आबा सौदा करतायत म्हणे. दादाराव तिकडे शेजारच्या गावातून पीठ आणतोय आणि ह्यांना अटी सुचतायत.
खरं सांगायचं तर मलाही राग आला. संध्याकाळी आबांना म्हटलंच, तिच्या मुलीचा संसार आहे, तुमचं काय जातंय बोलायला? सत्तर वर्षांपूर्वीचं तुमच्या गावचं, इथे कोण ओळखतं?
"पाव्हणी बघाय आलीया का भेटाय?"
भेटायला.
"मग एकानंच कापडं काढायची व्हय?"
कोर्टात रोज बघते. पिंजऱ्यात एक माणूस उभा, बाकी सगळे बसून त्याच्याकडे बघतात. साक्षीदाराची काळजी करणारा तिथे कुणी नसतो. वकील सुद्धा घड्याळ बघतो.

हारुएंचं उत्तर: मला एकटीला ठरवता येणार नाही, मुलीला विचारावं लागेल. आबा लगेच: "बराबर. लेकीला इचारल्याबिगर न्हाई."

२२ जाने.
हारुएंना आणि रेवाला घेऊन आगाशीला गेले. सुकेळी (वाळवलेली केळी) घ्यायची होती. गाडीवरच्या आजी: "जपानला नेताव? मग ही ने, दोन उनं जास्त खाल्लीत हिनं, पानी नाय सुटायचं." चव बघायला दिली ती हारुएंनी डोळे मिटून खाल्ली. मग आजींच्या हातांकडे बघत बसल्या. त्यांना हातच दिसतात सगळीकडे.
येताना रिक्षात त्यांनी विचारलं, तुमच्या कोर्टात माहीत आहे? मी म्हटलं, काय? समजलं होतं मला. रेवाने पुन्हा विचारलं.
माझं सासरचं आडनाव मोरे. आमच्यात आहे, मराठ्यांतही आहे. लोक आपापल्या सोयीने समजून घेतात. जजसाहेबांच्या बाईंनी तर मला हळदीकुंकवाला मानाने बोलावलं होतं. खोटं मी कधी बोलले नाही. खरं कुणी विचारलं नाही.
असं म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला आवडलं नाही ते.

२४ जाने., शनिवार
गेल्या. मुलगी अजून फोन उचलत नाहीये. ढोल परत नेला. आबाच म्हणाले, "वस्तू लई बेस हाय. पर माज्या घरात नको." हारुएंना राग आला नाही. खरंच आला नाही, मी बघत होते. जाताना आबांनी जय भीम घातला, त्यांनी तो शिकलेला तसाच परत केला, मूठ छातीला लावून, जरा चुकीची.
घर रिकामं वाटतंय.

२ फेब्रु.
दादारावचा फोन. तारीख पडलीय, वकील विचारतोय आबा येणार का. वहिनी मागून ओरडत होती, म्हाताऱ्याला म्हणावं आमी मेल्यावर या. दादाराव तिला गप बस म्हणाला, मग स्वतःच म्हणाला, ताई, लई तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय.
आबांना सांगितलं. जेवले नाहीत. पण शब्द म्हणजे शब्द.
मी भांडले. तुमच्या हट्टापायी त्या घराची राखरांगोळी होईल, असंही बोलले. ते ऐकत राहिले. त्यांनी उलट बोलायला हवं होतं.

६ फेब्रु.
रेवाचा फोन. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरलाय, तिकडचे लोक हॉलमध्ये जमतील, रेकॉर्ड होईल. हारुए बोलणार का? रेवाला ठाऊक नाही. मुलीला त्यांनी सांगितलंय. मुलगी म्हणाली, थांब, मी आधी नवऱ्याशी बोलते. त्यानंतर तिचा फोन नाही.
आबा रोज विचारतात. केसचं नाही, हारूबाईच्या लेकीचं.

८ फेब्रु., रविवार
कॉल सव्वातीनला. आत्ता तीन वाजत आलेत, लॅपटॉप मांडलाय, म्हणून लिहीत बसलेय. हात थांबत नाहीयेत.

दुपारी जेवणानंतर रेवाचा फोन आला. मुलगी नको म्हणाली. नवऱ्याला सांगायचं धाडसच झालं नाही. आईला म्हणाली, मुलगा शाळेत जातो आई, त्याला तरी ह्यातून वाचू दे. हारुए कॉलवर येतील, पण माफी मागायला. आबांची अट पाळता येत नाही, आबांनी बोलू नये, आम्ही समजू, असा निरोप.

मला आधी दादाराव आठवला. संपलं सगळं. मग आबांना कसं सांगायचं. सांगितलं. पांढरा शर्ट इस्त्रीचा घालून तयार बसले होते, केस विंचरून.

ऐकलं. मान हलवली. "लेक न्हाई म्हनली तर तिनं बोलू न्हाई. म्या बी त्यापायीच बोललो न्हाई."
मला कळलंच नाही. कुणापायी?
"तुज्यापायी. तुजी शाळा, तुजी नोकरी, तुजं लगीन. समद्या ठिकानी तुजा बाप कोन व्हता ते गेलं असतं तुज्या आदी."

म्हणजे भीती नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मार आठवतो म्हणून बोलत नाहीत. सगळ्यांनाच तसं वाटायचं. आणि मी ह्या माणसाला म्हटलं, तुमचं काय जातंय.

"आता मी बोलतो," म्हणाले. "कुनीतरी आदी बोलाय लागतंच. ती माजं ऐकंल, तिची लेक ऐकंल. उद्या बोलंल, न्हाई बोलंल, तिची तिला." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू: "पर विलास समदीकडं टाकनार हे. तुज्या कोर्टातबी कळंल. तू सांग, सुषे. बोलू का?"

लगेच हो आलं नाही. लिहून ठेवते, लगेच आलं नाही. हळदीकुंकू आठवलं, डब्याच्या वेळेला बसणाऱ्या चौघी आठवल्या, उद्या सोमवार आहे हेही आठवलं. आबा थांबले होते. घाई करत नव्हते. हारुएंची मुलगी फोन धरून अशीच बसली असेल.

म्हटलं, बोला.

लॅपटॉपवर आमचं चित्र दिसतंय. आबा मधोमध, मी कडेला, अर्धी बाहेर. आबा म्हणाले, "तू जा आत पायजे तर." मी खुर्ची ओढून त्यांना खेटून बसलेय. आता दोघंही पूर्ण दिसतोय. तिकडून अजून कुणी आलेलं नाही.