परक्या माणसाचा विमा

शके १८६२, आश्विन व. ३
अक्षर वाईट येतंय. काल अंबडच्या वळणावर, दादा मोटार चालवत असताना, बैल घेऊन चाललेल्या आमच्या गावच्या गणपतचा पाय चाकाखाली सापडला. मी मागे बसले होते. गणपत ओरडला नाही. नुसतं "बैल धरा" म्हणाला. भांडी विसळताना, जपाला बसल्यावर, तेच ऐकू येतं.

आश्विन व. ५
जालन्याहून विमेवाले आले. काच, दिवा, मडगार्ड, सगळं भरून मिळेल म्हणाले. बाबांनी विचारलं, "आणि गणपतचं?"
"परक्याला इजा झाली तर तो विमा निराळा. मोटार घेतली तेव्हाच विचारलं होतं मी."
मला चांगलं आठवतं. चाकांखाली लिंबं ठेवून पूजा चालली होती. तेव्हा बाबा यांनाच म्हणाले, "शुभ दिवशी अभद्र बोलू नका. माणसं चिरडायला मोटार घेतली का आम्ही?" सगळे हसले. मीही.

आश्विन व. ९
गणपतची बायको सारजाबाई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.
"मालक, मोटार तुमची बराबर होईल. आमची पेरणी कोण करंल?"
बाबांनी ज्वारीची पोती देऊ केली.
"पोते तिफण धरतात का मंग?"
शेवटी बाबा दादाला म्हणाले, "गणपत उठेपर्यंत त्याच्या शेतात तू राबायचं." गावात सावड असते, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ही एकतर्फी. दादा हो म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटायला नको होतं.

कार्तिक शु. ४
दादाच्या तळहातांना फोड. हळद लावली. सारजाबाई बांधावरून ओरडते म्हणे, "दादासाहेब, बैल हायेत! भोंगा वाजवून वळत न्हाईत!" सांगताना हसला. हसता हसता तोंड फिरवलं.

कार्तिक व. २
गणपतचा पाय सडला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापला.
बाबांना विचारलं, "गणपत उठेपर्यंत, म्हणजे आता कधीपर्यंत?" ते पंच्याचं टोक चोळत बसले. शब्द फिरवावा तर सारजाबाईकडे बघायचं कसं? न फिरवावा तर दादाचं…

कार्तिक व. ६
बाबांनी विमेवाल्यांना निरोप धाडला होता, तो निराळा विमा आता उतरता येईल का. येईल म्हणतात. पुढच्या माणसासाठी.
मोटार दुरुस्त होऊन दारात आली आहे. नवी काच, नवा दिवा. मुलं भोवती नाचताहेत. दादा अजून गणपतच्या शेतावरून आला नाही.