जिन्यावरचं डावं पाऊल

क्योतो, ५ सप्टेंबर

प्रिय चिझुरू,

सप्टेंबर लागला तरी इथला उकाडा हटत नाही. तिकडे तोक्योत तू कशी आहेस? तू काढलेला सिनेमा जोरात चाललाय, तेव्हा धड जेवायलाही सवड मिळत नसेल. आई बरी आहे. परसात वांगी उदंड आलीत, ती खारवते आणि मला रोज खायला लावते. माझा गुडघाही बरा, म्हणजे होता तसाच आहे.

तुझा निरोप मिळाला. रविवारी टीव्हीवर तुझ्या शेजारी बसायचं. निवेदिका विचारणार, "जिन्यावरची ती तलवारबाजी तुमचीच ना?" आणि मी लाजून मान हलवायची. इतकी वर्षं मी दुसऱ्या नट्यांच्या जागी पडले, मेले, तेही पाठमोरी. आता लोकांना माझा चेहरा दिसेल. "तुझं केव्हापासूनचं स्वप्न गं," असं तू लिहिलंयस. खरं आहे, होतंच.

सिनेमा मी आईला घेऊन पाहिला. बायको तलवारीची शाळा चालवते, नवरा भात रांधतो, आणि थिएटरात कुणी त्याला हसत नाही, हे मला फार आवडलं. आपण एका खोलीत राहायचो तेव्हा स्टुडिओतले म्हातारे म्हणायचे, "बायकांनी किंचाळायचं आणि मरायचं, बस्स." त्यावर एकदा तू भडकून म्हणालीस, "मी बाईचीच तलवार दाखवीन, मिसाओ, आणि ती तुझ्या हातात असेल." ते आठवून मी अंधारात डोळे पुसत होते.

मग तो जिना आला. वरून सगळे पुरुष, खालून ती एकटी. वळताना तिचं डावं पाऊल जरासं अडलं, आणि आईनं माझा दंड धरला. "अगं, ही तूच. तुझा पाय मी ओळखणार नाही होय?"

क्षणभर मलाही वाटलं, मीच. मग भानावर आले. तो प्रसंग मी केलाच नव्हता. फेब्रुवारीत तू फोनवर म्हणालीस, "पैसे संपले गं, जिन्याचा प्रसंगच काढून टाकला." तुझा आवाज इतका पडलेला होता की उलट मीच तुझी समजूत घातली.

पुढच्या महिन्यात तू काझुमा नावाच्या स्टंटवाल्या पोराला माझ्याकडे पाठवलंस. "एक गमतीचा हेर आहे, बाईच्या वेशात पळतो. त्याला बाईसारखं वावरायला शिकव." शिकवलं. किमोनोत पावलं कशी आत वळवायची, बाह्या दोरीनं कशा आवळायच्या, वार करतानाही मानेवरची कॉलर कशी सरकू द्यायची नाही. गडी गुणी, दाखवलं की जसंच्या तसं उचलतो. वळताना माझा गुडघा अडतो, तेही त्यानं उचललं. मी हसून म्हटलं, "अरे, ते नको घेऊस, ते दुखणं आहे माझं." तुझ्याच पहिल्या सिनेमात देवळाच्या पायऱ्यांवरून पडले होते, ते दुखणं.

आणि परवा तुझी मुलाखत वाचली. "ते पाऊल अडतं, तिथे बघा. पुरुषाला ते साधलंच नसतं. या सिनेमातला प्रत्येक वार बाईच्या हातचा आहे." चिझुरू, माझ्या अंगाची लाही लाही झाली.

काल काझुमा आला. दारातच मान खाली घालून उभा. म्हणाला, "मिसाओताई, जिन्यावर मी होतो. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. चिझुरूबाई म्हणाल्या, ताईंनीच तुझं नाव सुचवलं. निर्मात्यांना उडी आणखी उंच हवी होती म्हणे." मी त्याला आत बोलावून चहा दिला. त्याच्यावर कसला राग काढू?

उडी उंच हवी होती, तर तसं सांगायचंस. "तुझं वय झालं, तुझा गुडघा गेला," एवढं मला तोंडावर म्हणायचंस. मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी त्याला याहून चांगलं शिकवलं असतं. त्या म्हाताऱ्यांनी निदान समोरून अपमान केला. तू केसानं गळा कापलास, आणि आता त्याच गळ्यात हार घालायला बोलावतेस. माझा एवढा विश्वासघात आजवर कुठल्या पुरुषानंही केला नव्हता.

रविवारी मी येणार आहे. तू आपणहून खरं सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी गुमान बसेन. नाही सांगितलंस, तर निवेदिकेनं विचारल्यावर मी काझुमाचं नाव घेईन. गाडीभाडं पाठवू नकोस.

आईलाही घेऊन येतेय. तिनं साऱ्या आळीला माझा पाय बघायला धाडलं होतं, म्हणून काल तिला खरं सांगून टाकलं. तिनं खारवायची वांगी बाजूला सारली. मग म्हणाली, "मग तू त्यात कुठे होतीस?" मी म्हटलं, "चिझुरूला विचार." ती तिथे प्रेक्षकांत पुढच्या रांगेत बसणार आहे.

नावाआधी 'तुझी' लिहायला हात धजत नाही.

मिसाओ