टकल्याच्या मेंदूतले ब्रेक

३ मार्च
मॅनेजर टकल्या झाला! पेंटच्या गोदामात इतकी वर्षं घसा मी फोडला आणि केबिन मिळाली काल आलेल्याला. सूड घेणार. शांत डोक्याने.

५ मार्च
मेव्हणी औषधशास्त्र शिकवते. सहज म्हणून फोन केला. म्हणाली, मेंदूत गाबा नावाच्या रसायनाचे रिसेप्टर असतात, ते ब्रेक. ग्लुटामेटचे म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबते, अ‍ॅक्सिलरेटर सोडते. मग माणूस गप्प का बसत नाही? तर म्हणे, आवर घालणारा भागच आधी पेंगतो, म्हणून जीभ सुटते.
झकास! पुढच्या शनिवारी कंपनीची पार्टी. टकल्याला पाजायची, तो मोठ्या साहेबांसमोर बरळेल, खेळ खल्लास.

९ मार्च
त्याला सोबत द्यावी लागणार, म्हणून सराव. तीन पेगांनी मला काही होत नाही. माझे रिसेप्टर कसलेले आहेत. मेव्हणी म्हणते, कसलेले नव्हे, निर्ढावलेले. बायको म्हणाली, सराव तर रोजच चालू असतो. दुर्लक्ष केलं.

१४ मार्च, संध्याकाळ
निघतोय. टकल्याच्या शेजारची खुर्ची पकडायची. त्याचा ग्लास रिकामा दिसता कामा नये. मी नावापुरतीच घेणार.

१५ मार्च, दुपार
मोहीम फत्ते! असणार. नीटसं आठवत नाही. डोकं ठणकतंय. टकल्याचे फोन येताहेत. उचलत नाही. करू दे गयावया.

१५ मार्च, संध्याकाळ
बायकोकडून कळलं. टकल्याने शेवटी तिला फोन केला होता. टकल्या पीतच नाही. त्याच्यासाठी मागवलेलं सगळं मीच संपवलं. साहेबांना भर पार्टीत 'बैलोबा' म्हणालो. टकल्याने माझ्या वतीने माफी मागितली, मला गाडीत कोंबलं, जिना चढवून घरी आणलं.
नाटकी माणूस. याचाही सूड घेणार.

१६ मार्च
रजा टाकली. मेव्हणी म्हणाली, फार झाली की आठवणी नोंदवणारे रिसेप्टर बंद पडतात. जे नोंदलंच नाही, ते आठवणार कुठून?
बायको चिडलेली नाही. त्याचीच भीती वाटते. म्हणाली, "तुमच्या मॅनेजरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत जे सांगत होतात, ते एकदा तरी मला सांगायचं होतंत."
काय सांगत होतो?
म्हणाली, "दार उघडलं तेव्हा शेवटचंच कानावर पडलं. बाकीचं त्यांना विचारा."
तासभर फोन हातात धरून बसलो. मग टकल्याला लावला.
"नमस्कार सर," म्हणालो.