कटर खाली ठेवून

आप्पा, आज तुमच्या डोंगरावर आलोय. कारखान्याचा रिपीटर अजून त्याच पत्र्याच्या खोलीत आहे, उसाच्या फडातलं वॉकीटॉकीवरचं बोलणं उचलून जोर लावून पार कोपरगावपर्यंत पोचवतो. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. आता तुमचंच काम करतो, कंत्राटी. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. सरांच्या अंगावर धावून गेलो होतो. लांबच्या फडात ऐकू येईना म्हणून कारखान्याच्या शेतकी साहेबांनी पॉवर वाढवायला लावली, आणि तेव्हापासून आपल्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर, दुसऱ्यांच्या सेटवर, आपल्या उसाच्या गाड्यांचं बोलणं ऐकू येतं. कॉलेजात त्याला हार्मोनिक म्हणायचे, तुम्ही पिल्लू म्हणायचात. "जोर लावला की पिल्लं व्हनारच, साहेब!" असं मी त्यांच्यावर खेकसलो. वाक्य तुमचं होतं, आवाज तुमचा नव्हता.

उपाय तुमचाच. अँटेनाच्या वायरीला बाजूनं केबलचा नेमका तुकडा जोडायचा. तो पिल्लू गिळतो, मूळ लहर जाऊ देतो. आधी लांब घ्यायचा, मग नखाएवढा कापायचा, टोकाला सोल्डरचा डाग द्यायचा, पिल्लाचा जोर दाखवणारी मीटरची सुई बघायची. अजून डोळ्यांसमोर आहे: मी सहावीत आहे, तुम्ही पहिल्यांदाच कटर माझ्या हातात दिलाय. सुई खाली येतेय बघून मी कचकच कापत सुटतो आणि ती पुन्हा वर चढते. तुकडा वाया. तुम्ही ओरडत नाही.

"कटर हातात धरून सुई बघू नको. हात जवळ असला की सुई हलती. आन् कटर हातात असला की मानसाला वाटतंच, अजून थोडं कापावं."

"मग काय करू?"

"खाली ठेव. पानी पी. मग बघ."

तुम्ही दर कापाला तसंच करायचात. जीपवाला हसायचा, "आप्पा, केबल कापताय का पूजा घालताय?"

नगरला एक मुलगी आहे, आप्पा. कॉलेजात माझ्याच वर्गातली. घरचे तिला स्थळं बघतायत. काल म्हणाली, "थोडे दिवस फोन करू नको. तू ओरडायला लागलास की तुला काय म्हणायचंय तेच मला कळत नाही." रात्रभर डोकं तापलेलं. इथं रेंज चांगली येते. वर आल्या आल्या मेसेज लिहिला, 'मग कायमचंच थांबू.' नुसतं बोट टेकवायचं बाकी आहे.

दुपारभर कापत होतो. दर वेळी कटर खाली ठेवला, बाटलीतलं गरम पाणी प्यायलो. शेवटी सुई तळाला बसली. रिपीटरवर कुणीतरी म्हणालं, "गाडी निघाली वो," अगदी स्वच्छ. मी मागं वळून बघितलं, तुम्ही मान हलवताय का म्हणून. खोलीत वारा तेवढा होता. शेतकी साहेबांना अजून कळवलेलं नाही. पहिल्यांदा तिला सांगावंसं वाटलं, पण तिनं फोन करू नको म्हटलंय, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

मेसेज पाठवला नाही. पण आप्पा, हे सगळं मी फोनवरच लिहितोय. म्हणजे तो अजून खाली ठेवलेला नाही.