तिसरं कडवं

२ ऑक्टोबर २०१८, मंगळवार
पुन्हा तेच! वाचनालय वाचवायची सभा, भर चौकात मी बोलतेय – आणि शब्दच गायब. 'लोकशाही'. एवढा एकच शब्द! आयुष्यभर कागदाशिवाय भाषणं ठोकली मी. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबले. टाळ्या पडल्या. मी घाबरले.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
क्लाइव्हच्या गॅरेजात तालीम. चाळीसेक वर्षांनी आमचा पंक बँड 'रस्टी टॅप' पुन्हा उभा! क्लाइव्ह ड्रमवर बसताना कण्हतो. त्याला तेव्हाही ठेका धरता येत नव्हता, आताही नाही. तेच तर आमचं म्हणणं होतं – वाजवता येईपर्यंत थांबू नका. बोलायचंय ना? मग वाजवा! लीड्सच्या बेकार पोरापोरींना तेवढं पुरलं. माझा अजून त्यावर विश्वास आहे.
तिसरं कडवं आलं. डोकं कोरं.
'अगं हेझल, तूच लिहिलंयस ते!' क्लाइव्ह हसला. मीही हसले.
आई शेवटी मला नर्स समजायची. तिचंही असंच सुरू झालं होतं – गाण्यांपासून.

८ ऑक्टोबर, सोमवार
डॉक्टरकडे गेले नाही. शनिवारी बँडचा कार्यक्रम आहे, त्यानंतर बघू.

१० ऑक्टोबर, बुधवार
चामड्याचं जाकीट पुसून चकचकीत केलं. सत्याहत्तर साली बँड आवडला की लोक थुंकायचे त्याच्यावर. हीच दाद! कोरड्या अंगानं स्टेजवरून उतरलो तर समजायचं, कार्यक्रम पडला. आई ते जाकीट चिमटीत धरून मागच्या अंगणात न्यायची. 'हे कौतुक? मग शिव्या कशा देतात गं तुमच्यात?'
क्लाइव्ह म्हणतो, 'आता कोण थुंकणार, म्हातारे? कवळ्या बाहेर पडतील त्यांच्या!'
पोट धरून हसले. मग आरशासमोर उभी राहिले. पहिलं कडवं – आलं. दुसरं – आलं. तिसरं – नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार
आज कार्यक्रम. तळहातावर लिहून नेऊ? नको! विसरले तर सगळ्यांसमोर विसरेन, लपूनछपून नाही. जाकीट दारामागे टांगलंय. स्वच्छ.

१३ ऑक्टोबर, शनिवार
आज कार्यक्रम. निघायची तयारी करत होते, तेवढ्यात क्लाइव्हचा फोन. 'घसा कसा आहे? काल काय पेटली होतीस, म्हातारे! तिसऱ्या कडव्याला भलतंच काहीतरी ओरडलीस – जुन्यापेक्षा ते भारी!'
काल?
दारामागचं जाकीट हातात घेतलं. कॉलरवर, बाह्यांवर, छातीवर – वाळलेली थुंकी.
म्हणजे आवडलं त्यांना.