पाकिटावरचा शेरा

ता. ११ मार्च, दुपार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिलाय, कारण पत्र तसंच सुरू करायचं असतं. मनातून आज येत नाहीये. बाकी इकडे सगळं ठीक. आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिला आता इतकं स्वच्छ दिसतं की माझ्या डोक्यातले पांढरे केस मोजून दाखवते. वहिनींचा खोकला एव्हाना गेला असेल.

आता मुद्द्यावर येते. तुझं पत्र काल मिळालं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. "बाबांनी त्यांचं सगळ्यात चांगलं नाणं मला दिलं, हे तुला तेव्हाही बघवलं नव्हतं. अजून जळतेस." असं लिहितोस? सव्वीस वर्षं या टेबलाशी बसून नाणी पारखते मी. परक्या माणसाने माझ्या शेऱ्यावर आजवर बोट ठेवलं नाही. सख्खा भाऊ ठेवतो, तेही आयुष्यात कधी भिंग हातात न धरता!

आपल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात बाबांच्या आठवणीसाठी एक काचपेटी ठेवायची, ही कल्पना तुझीच आणि चांगलीच. पण तिथे प्रत्येक नाण्याखाली प्रत आणि ठसा सांगणारं कार्ड लागतं, आणि ती कार्डं मी लिहिते. तुझ्या चांदीच्या नाण्याखाली मी लिहिलं, 'चलनाचा साधा ठसा. घासून साफ केलेलं. प्रत देता येत नाही.' तू म्हणतोस, शनिवारपर्यंत 'खास ठसा, उत्तम प्रत' असं कार्ड लाव, नाहीतर अध्यक्षांना सांगेन की बहीण आकसाने लिहिते, आणि पुन्हा तुझ्या घराची पायरी चढणार नाही.

बरं. आधी नाणं तरी समजून घे. खास ठशाचं नाणं बाजारात फिरायला नसतं, मानाची भेट म्हणून पाडतात. त्याचा साचा आरशासारखा घोटलेला असतो आणि एकाच नाण्यावर दोनदा दाब देतात. त्यामुळे अक्षरं भिंतीसारखी ताठ उभी राहतात आणि कड बोटाला टोचेल अशी येते. तुझ्या नाण्याची अक्षरं बुडाशी उतरती आहेत. कड गोलसर आहे. राजाच्या कानावरची बट अर्धीच उठलीय. ती झिजलेली नाही, मुळात दाबच कमी पडलाय.

चकाकी म्हणशील तर ती कुणालाही आणता येते. दिव्याखाली चांगलं नाणं तिरकं फिरवलं की त्याचं मूळ तेज चाकाच्या आऱ्यांसारखं फिरतं. तुझ्या नाण्यावर उजेड जागच्या जागी बसून राहतो, आणि भिंगातून एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. फडक्याने घासल्याचे. दोन अक्षरांच्या बेचक्यात फडकं पोचलं नाही, तेवढ्यात जुनं तेज शिल्लक आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ये आणि स्वतः बघ.

पण तू कशाला बघतोस! तुझं आपलं एकच, "नाण्याच्या पाकिटावर बाबांच्या हातचा शेरा आहे. तू काय बाबांपेक्षा शहाणी?"

इथवर लिहून सकाळपासून दोनदा पत्र बाजूला ठेवलं. आता लिहूनच टाकते.

ते अक्षर बाबांचं नाही, माझं आहे. त्यांच्या नोंदी उतरवून उतरवून माझं अक्षर त्यांच्यासारखंच वळलं होतं, आईसुद्धा फसायची. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी ते नाणं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "सांग." मला शिकायला लागून चार वर्षं झाली होती, तोंड सुटलेलं होतं. म्हटलं, "साधा ठसा. आणि कुणीतरी मूर्खाने घासलंय."

ते म्हणाले, "तो मूर्ख मीच."

ते त्यांनी घेतलेलं पहिलं नाणं, दादा. एकोणीस वर्षांचे होते. काळं पडलेलं नाणं बघून दात घासायच्या पावडरीने तासभर घासलं, आणि ज्या पारख्याकडे काम शिकायचं होतं त्याला ऐटीत दाखवायला नेलं. पारखी म्हणाला, "चांगल्या नाण्याची वाट लावलीस. उद्यापासून येत जा."

हे सांगून झाल्यावर मला म्हणाले, "पाकिटावर लिही, खास ठसा, उत्तम प्रत." मी म्हटलं, "बाबा, हे खोटं आहे." तर म्हणाले, "तो काही भिंगाखाली धरायचा नाही. बापाने नासवलेलं नाणं म्हणून त्याला कसं देऊ? तू लिही. माझा हात वळत नाही."

त्यांचा हात वळत नव्हता, म्हणून माझा वळवला! आणि बावीस वर्षं मी मूग गिळून बसले. तुझ्यावर राग आहेच, पण खरा राग त्यांच्यावर आहे. मुलाला मिरवायला द्यायचं आणि मुलीला लपवायला द्यायचं, ही कुठली वाटणी? उभ्या आयुष्यात मी एकच खोटा शेरा लिहिला, तोही त्यांच्या सांगण्यावरून, आणि नेमका तोच तू माझ्या तोंडावर फेकतोस. आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हा दोघांनाही खरं सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

कार्ड बदललंय, पण तुला हवं तसं नाही. आता त्यावर आहे, 'चलनाचा साधा ठसा. बाबांनी घेतलेलं पहिलं नाणं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनीच घासलं.' प्रदर्शनाला येतात ती सगळी आपल्यासारखीच माणसं. प्रत्येकाने एखादं तरी नाणं असं नासवलेलं असतं. बाबांना कुणी हसणार नाही. अध्यक्षांना तुला काय सांगायचं ते सांग. पाकिटावरचा खोटा शेरा माझा, हे मी आज सकाळीच त्यांना जाऊन सांगितलं. यापुढे माझी कार्डं चालतील की नाही ते शनिवारी कळवणार आहेत.

राहिलं तुझं ते वाक्य, मी जळते म्हणून. एवढं लांबलचक लिहिलं, पण ते खोटं आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी पाकीट चिकटवून मी तुझ्या हातात दिलं, तेव्हा ते नाणं मला हवं होतं. साधं आहे, घासलेलं आहे हे माहीत असून हवं होतं. बाबांनी मला विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. आज मागते. असलं नाणं तुला नको असेल तर मला दे.

कार्ड मात्र आहे तेच राहील.

तुझी,
धाकटी