हे ‘तुम्ही’ कुठून आलं?

सागास्तीसार,
४ मे १९८२

चि. जोशेपास,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. सप्टेंबरात गावच्या बास्क उत्सवाला येतेस म्हणतेस. आनंद झाला असं लिहिणार होतो, पण खरं सांगतो, आधी शंका आली. इतकी वर्षं आपण भावंडं एकमेकांना स्पॅनिशमध्ये लिहीत आलो, कारण शाळेत तेवढंच लिहायला शिकवलं, आणि आपल्या बास्क भाषेतला शब्द तोंडून निघाला की हातावर छडी. आता अमेरिकेतून तुझं पत्र येतं ते चक्क बास्कमध्ये, एक चूक नाही, आणि त्यात मला ‘तुम्ही’. शेजारच्या बित्तोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जोशेपा तुला ‘अरे इनासिओ’शिवाय कधी काही म्हणाली नाही, आणि चिडली की त्याहून वाईट.

दुसरी गोष्ट. हिवाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात फोन बसवला तेव्हापासून तुला लावतोय. दर वेळी तुझी ज्युडीच उचलते. आई मिस्सेला गेली, आई अंघोळीला गेली, आई मेंढरांकडे गेली. इतकी देवभक्त आणि इतकी स्वच्छ तू कधीपासून झालीस? वर भाचीबाई मला विचारतात, मामा, तुमच्यानंतर घर कोणाचं? मी बिनलग्नाचा आहे, मेलेला नाही.

तेव्हा एकदा तू स्वतः फोनवर ये. बाकी ठीक. गाय व्याली, वासरू धट्टंकट्टं आहे. लोभ आहेच, संशयासकट.

तुझा,
इनासिओ


एल्को, नेवाडा,
२२ मे १९८२

ती. इनासिओदादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. मोठ्या भावाला मान दिला तर तो तुम्हाला चावला. आता तुमचं वय झालं, म्हणून ‘तुम्ही’ लिहिलं, एवढंच. फोनचं म्हणाल तर मला ते यंत्र मुळीच आवडत नाही. माणूस दिसत नाही आणि बोलत काय बसायचं? ज्युडी लहानपणापासून चौकस आहे. सागास्तीसारच्या गोष्टी ऐकत वाढली, म्हणून तिनं घराचं विचारलं. बित्तोरीला सांगा, माझी पत्रं ऐकण्यापेक्षा कोंबड्या सांभाळ. अजून त्या आपल्या वाफ्यात येतात का?

मला गोठ्यावरची खोली द्या. गाईंची ऊब वर येते ती मला इथे कुठल्याच शेगडीत सापडली नाही. उत्सवात फार काही नको. चौकात सावलीला बसेन, ओंडके फोडणाऱ्यांच्या पैजा बघेन, सायडर पिईन. चार लोकांत गप्पा मारायला मात्र बसवू नका. प्रवासानं थकलेली असेन.

लोभ असू द्यावा, आणि थोडा विश्वासही.

आपली,
जोशेपा


सागास्तीसार,
१० जून १९८२

चि. जोशेपास, किंवा जी कोणी असशील तिला,
अ. उ. आ.

कोंबड्यांचं बरोबर लिहिलंस. पण ते ज्युडीलाही ठाऊक असणार, तूच सांगितलं असशील. या घरात अहो-जाहो फक्त फादरांना आणि कर मागायला येणाऱ्याला. आणि जिला चर्चमध्ये गप्प बसवायला आई चिमटे काढायची, तिला म्हणे गप्पा नकोत. मला पटत नाही.

म्हणून मी एक काम केलं. उत्सवाचं बघणाऱ्या मास्तरांकडे इरिन्त्सीच्या स्पर्धेत तुझं नाव देऊन आलो. तू गेल्यापासून तसली आरोळी या डोंगरात कुणी घातली नाही. एका दमात चढत चढत जायची, शेवटी घोडी खिंकाळावी तसं ते हसू, आणि पलीकडच्या दरीतली कुत्री उठायची. मी घालायला गेलो की तू म्हणायचीस, बैलगाडीचं चाक कुरकुरतंय, तेल घाला. अक्षर कुणीही गिरवील, आरोळी गिरवता येत नाही. हे पत्र मिळालं की रविवारी फोन कर आणि एक इरिन्त्सी घाल. फोन फुटला तरी चालेल.

नाही घातलीस, तर मी समजेन की माझी बहीण राहिली नाही आणि तिच्या नावानं दुसरंच कोणी माझं दार ठोठावतंय. मग उत्सवाला खुशाल या, पण उतरायला चौकातली खाणावळ बघा. हे लिहिताना मला राग कमी आणि भीती जास्त वाटते आहे.

तुझाच, तू असलीस तर,
इनासिओ


एल्को,
२८ जून १९८२

दादा,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. काल रविवारी फोन आला होता ना? तू ‘जोशेपा, जोशेपा’ करत राहिलास, मग शिवी घालून ठेवून दिलास. ती मीच होते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, पण आता गळ्याला भोक आहे आणि तोंडाला आवाज नाही. ज्युडीला खोटं बोलायला मीच लावलं. तुझ्या कानात तरी माझा आवाज धडधाकट राहावा असं वाटलं.

बोलता येत होतं तोवर आपली भाषा लिहायची गरज कुठे होती? आता इथल्या बास्क मंडळात पोरासोरांच्या वर्गात बसून लिहायला शिकले. त्या पुस्तकात सगळीकडे ‘तुम्ही’च आहे. अरे-तुरे छापलेलंच नाही. तुला ‘तू’ कसं लिहायचं तेच मला येत नव्हतं रे. आज कानाला आठवलं तसं लिहिलंय.

घर मला नको, ते तू कुणालाही दे. फक्त स्पर्धेतून माझं नाव काढ. सगळ्या गावासमोर तोंड उघडून मुकी उभी राहायची ताकद माझ्यात नाही. आणि खाणावळीत उतरायचं की कसं, ते कळव.

तुझी,
जोशेपा


सागास्तीसार,
१२ जुलै १९८२

चि. जोशेपास,
अ. उ. आ., आणि ज्युडीलाही. तिला सांग, मामा मूर्ख आहे.

तुझ्या पत्रात ओळीओळीला चुका आहेत. पहिल्या ओळीतच तू ओळखू आलीस. बित्तोरीला हे पत्र वाचून दाखवलं नाही, गोठ्यात बसून एकट्यानंच वाचलं आणि रडलो. त्या रविवारी फोनमध्ये बारीक शीळ ऐकू येत होती. मला वाटलं तार खराब आहे. तो तुझा श्वास होता हे आता कळतंय, आणि त्यावर मी शिवी दिली.

नाव काढलं नाही. मास्तरांना सांगून तुझ्या नावापुढे माझंही लिहून घेतलं. आरोळी मी घालेन, तू शेजारी उभी राहा. रोज संध्याकाळी टेकडीवर सराव करतो. कुत्री काही उठत नाहीत, बित्तोरी उठते आणि खिडकी लावून घेते. चाकाला तेल घालायला लवकर ये.

खाणावळीचं विसरून जा. गोठ्यावरची खोली झाडून ठेवली आहे. उशाशी आपल्या जुन्या गाईची घंटा घासून ठेवली आहे. काही लागलं, किंवा नुसता राग आला, तरी हलव. ती वाजली की तू ‘अरे इनासिओ’ म्हणालीस असं समजून मी वर येईन.

तुझा,
इनासिओ